घडी उलगडा, गोष्ट सापडेल!

मुलांनो, पेटीचा भाता पाहिलाय ना? एका हाताने स्वर वाजवायचे आणि दुसऱ्या हाताने भाता मारायचा. भात्याच्या घड्या उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. आता असा विचार करा, की हा भाता कागदाचा आहे आणि त्याच्या प्रत्येक घडीवर एक चित्र छापलंय. झालं तुमचं भाता-पुस्तक तयार! एक घडी पुढे, एक घडी मागे. मिटलं तर खिशात मावतं, आणि उलगडलं तर ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतं.

जगभर अशी पुस्तकं जमवणारे शौकीन आहेत. चित्रकारांनी थोड्याच प्रती काढलेली पुस्तकं महाग असतात. पण घाबरू नका. घडीच्या छापील वस्तूंचा संग्रह एक पैसाही खर्च न करता सुरू करता येतो, आणि तोही काटोलमध्ये बसून! कसा, ते पाहूच. त्याआधी ही घडी आली कुठून, ते ऐका.

गुंडाळीला कंटाळून

फार पूर्वी चीन-जपानमध्ये बौद्ध सूत्रं लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर लिहीत. गुंडाळी दिसायला छान, पण मधलाच एखादा उतारा हवा असला की पंचाईत! अर्धी गुंडाळी उलगडत बसा, मग पुन्हा गुंडाळा. तेव्हा कुणीतरी त्याच लांब कागदाला पुढे-मागे घड्या घातल्या. आता हवी ती घडी उघडा आणि वाचा. जपानमध्ये अशा पुस्तकाला ओरिहोन म्हणतात.

आपल्या शेजारच्या कर्नाटकात तर कापडाची घडीची वही होती. तिचं नाव कडत. कापडाला कोळशाची पूड आणि चिंचोक्याची खळ लावून ते पाटीसारखं काळं करत आणि त्यावर पांढऱ्या मऊ दगडाच्या कांडीने लिहीत. पुसा आणि पुन्हा लिहा!

सातासमुद्रापार मध्य अमेरिकेत माया लोकांनी झाडाच्या सालीच्या कागदाला चुन्याचा हात देऊन त्यावर चित्रलिपी रंगवली. त्यांच्या पोथ्याही भात्यासारख्याच. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात त्यातली एक आहे. तिची 39 पानं उलगडली, की लांबी भरते सुमारे साडेतीन मीटर! शुक्र केव्हा उगवेल आणि ग्रहणं केव्हा येतील, याची कोष्टकं तिच्यात आहेत.

पण 1562 मध्ये दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया पोथ्यांची होळी केली. आज जगात माया पोथ्या किती उरल्यात, ठाऊक आहे? फक्त चार! एका अख्ख्या संस्कृतीच्या ग्रंथांपैकी चार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

रेल्वे, रस्ता आणि पत्र

आता चित्रकारांच्या पुस्तकांकडे येऊ. 1913 मध्ये पॅरिसला ब्लेझ सांद्रार हा कवी आणि सोनिया दलोने ही चित्रकार यांनी मिळून एका रेल्वेप्रवासाची कविता छापली. कागद जवळजवळ दोन मीटर लांब, एकीकडे शब्द आणि शेजारी रंगांचे झोत. दीडशे प्रती काढायचा बेत होता. का दीडशेच? कारण तेवढ्या प्रती एकाखाली एक लावल्या, की आयफेल टॉवरची उंची भरते! प्रत्यक्षात मात्र कमीच प्रती निघाल्या.

1966 मध्ये एड रुशे या अमेरिकन चित्रकाराने लॉस एंजेलिसमधल्या एका रस्त्यावरच्या सगळ्या इमारतींचे फोटो ओळीने छापले. एक बाजू वर सरळ, समोरची बाजू खाली उलटी. पुस्तक उलगडलं की सुमारे साडेसात मीटर. जणू तुम्ही रस्त्यातून चालताय आणि दोन्हीकडे घरं!

आणि आपल्या देशात? दयानिता सिंग या छायाचित्रकार प्रवासात काढलेल्या फोटोंच्या घडीच्या छोट्या वह्या करत. एक वही सोबत आलेल्या मित्राला पत्रासारखी द्यायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची. अशा सात वह्या 2008 मध्ये ‘सेंट अ लेटर’ या नावाने एका डबीत घालून प्रसिद्ध झाल्या. त्यातली एक आहे मुंबईची. वही उलगडून टेबलावर उभी केली, की घरातच प्रदर्शन भरतं.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी घडी फक्त जागा वाचवायला घातलेली नाही. साध्या पुस्तकात पान उलटलं की मागचं दिसेनासं होतं. इथे मात्र आधीचं आणि नंतरचं एकाच वेळी समोर राहतं. प्रवास, रस्ता, ऋतू अशा ओळीने येणाऱ्या गोष्टींना भाता म्हणूनच शोभतो.

काटोलच्या घरातल्या घड्या

आता उठा आणि घर धुंडाळा. सगळ्यात आधी कपाटातल्या जुन्या कॅसेट काढा. आई-बाबांच्या लहानपणी गाणी कॅसेटवर ऐकत. डबीतला कागद हळूच बाहेर काढा. दोन-तीन-चार घड्या, बारीक अक्षरांत गाण्यांची यादी, गायक-संगीतकारांची नावं. हे भाता-पुस्तकच की!

मग लग्नपत्रिका, देवस्थानांची माहितीपत्रकं, पर्यटनाचे नकाशे, औषधाच्या खोक्यातला इवलासा कागद. तो उलगडला की केवढा मोठा होतो पाहा! आजीच्या पेटीत अंतर्देशीय पत्रंही सापडतील. पत्र आणि पाकीट एकाच कागदाचं, घडीची करामत.

पण काटोलच्या मुलांसाठी खास खजिना वेगळाच आहे. ज्यांच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे, त्यांनी कृषी विभागाची आणि विद्यापीठाची पत्रकं शोधा. त्यांना नावच आहे घडीपत्रिका! अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आपल्या काटोलला आहे आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपूरला. आंबिया बहार कसा धरायचा, मृगाचा कसा, डिंक्या रोगावर काय करायचं, कोळशी कशी आवरायची, असा मजकूर घडीपत्रिकांत असतो. शेतकरी वाचतो, सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि पुढे ती पावसात भिजते, नाहीतर रद्दीत जाते.

गंमत अशी, की चित्रकाराचं महागडं पुस्तक कुठल्यातरी संग्रहालयात जपलं जाईलच. घडीपत्रिका कोण जपणार? ती फुकट मिळते, म्हणून कुणी जपत नाही. पण आणखी तीस वर्षांनी कुणाला विचारावंसं वाटलं, की काटोलच्या बगीच्यांवर तेव्हा कोणते रोग येत, शेतकरी कोणती औषधं फवारत, तर उत्तर त्या कागदात असेल. तो असला तर! माया पोथ्या आगीने संपल्या. आपले कागद नुसत्या दुर्लक्षाने संपतात. फळ मात्र दोन्हीचं एकच.

नोंद नसेल तर कागद मुका

22 मे 2012 ला दुपारी काटोल परिसरात आकाशातून उल्का पडल्या, हे घरात मोठ्यांनी सांगितलं असेल. असा दगड हाती आला, की शास्त्रज्ञ आधी काय विचारतात? कुठे सापडला? केव्हा सापडला? कागदाचंही तसंच. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: काय आहे, कुठे मिळालं, कुणी दिलं, कोणत्या वर्षाचं. कागदावर छापखान्याचं नाव असेल तर तेही लिहा. आपल्याच तालुक्यातले कोणते छापखाने केव्हा चालू होते, ते अशाने कळत जाईल.

आता काळजी. कागद धाग्यांचा बनलेला असतो. तीच घडी वारंवार उघडली-मिटली, की तिथले धागे तुटतात. आडवी आणि उभी घडी जिथे छेदतात, तिथे कागद सगळ्यात आधी फाटतो. जुने नकाशे पाहा, भोकं बरोबर त्याच जागी! कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने 1970 मध्ये यावर तोड काढली. घड्या किंचित तिरप्या घातल्या, की टोकं ओढताच अख्खा कागद उघडतो आणि तसाच मिटतो. 1995 मध्ये सोडलेल्या एका जपानी उपग्रहावर सौरपत्रं याच घडीने मिटली होती. म्हणजे घडी अंतराळातही पोचली बरं का!

काही पथ्यं पाळा:

• सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि डाग सोडतो.
• टाचणी आणि स्टेपलरची पिन नको, गंजते. रबरबँडही नको, चिकटतो.
• लॅमिनेशन तर मुळीच नको. घडीच संपली तर उरलं काय?
• आपल्याकडचा उन्हाळा कागद कडक करतो, पावसाळा कसर आणि बुरशी आणतो. डबा कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा.
• नवी घडी घालू नका. जुन्याच घडीवर मिटा.
• एकदा उलगडून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुन्हापुन्हा उघडावं लागणार नाही.

आई-बाबांसाठी दोन शब्द

दिवाळीच्या साफसफाईत रद्दीचा गठ्ठा बांधण्याआधी एकदा मुलांना विचारा. चपलांचा एक रिकामा खोका त्यांना द्या. आणि कॅसेटचा कागद हाती आला, की त्या गाण्यांची आठवण त्यांना जरूर सांगा. पाकिटावर लिहायला त्यांना तीच तर हवी असते.

करून पाहा: काटोल ते इटारसी

जाड कागदाची लांब पट्टी घ्या. पट्टी लहान असेल तर दोन जोडा. तिला सात घड्या घाला. प्रत्येक घडी आधीच्या घडीच्या उलट दिशेला यायला हवी. सात घड्यांची पानं किती होतात? मोजा, आठ! घड्यांपेक्षा पानं नेहमी एकने जास्त. पहिलं पान मुखपृष्ठ. पुढच्या सात पानांवर रेल्वेमार्गावरची सात स्टेशनं ओळीने काढा: काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल, इटारसी. रूळ मात्र एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग ओढा, घडीवर तोडू नका. खिडकीतून काय दिसतं ते रंगवा. बगीचे कुठे संपतात? डोंगर कुठे सुरू होतात? पाट्यांवरची भाषा कुठे बदलते?

मागच्या बाजूला आपलं नाव, गाव आणि तारीख घाला. तुमच्या संग्रहातली पहिली वस्तू तयार झाली, आणि तिची नोंद पूर्ण आहे!