काट्यावरचे चार किलो





ताम्हिणीकडचा पाऊस ओसरू लागला की मुळशीत दोन गोष्टी दिसतात. खाचरांतला भात निसवू लागतो आणि तालमीतली माती नव्याने खणली जाते. तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू आणि कापूर घालून ती मळतात. अशी माती अंगाला बोचत नाही आणि लहानसहान जखम चिघळत नाही. कुस्तीचे मोल या तालुक्याला सांगावे लागत नाही. मामासाहेब मोहोळ मुळशीचेच. १९६१ पासून सुरू असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते.

आपल्या वसतिगृहातही यंदा एक पैलवान आहे. कातकरी वाडीवरचा, घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. कारण पुढे वाचताना लक्षात येईल. ‘पैलवानाची तयारी म्हणजे नेमके काय, आणि आमच्या मदतीचा त्यात काय उपयोग?’ असे काही देणगीदारांनी विचारले होते. त्याचे हे उत्तर.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

पहाटे साडेचारला तो उठतो. आधी डोंगराच्या वाटेने धावणे, मग जोर, बैठका, सपाटे आणि दोरावर चढणे. संध्याकाळी लढतीचा सराव. आठवड्यातले चार दिवस गावच्या तालमीत मातीवर आणि दोन दिवस कॉलेजच्या मॅटवर. या दोन्हींचा हिशेब वेगळा आहे. जत्रेतल्या मातीवरच्या कुस्तीत पाठ टेकवली की निकाल. तिथे दम आणि पकड यांना महत्त्व. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती आणि प्रत्येक पकडीला गुण. दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच संपते. म्हणून आमचा पैलवान सध्या एकेरी पट आणि भारंदाज हेच दोन डाव घोटतो आहे. ‘वीस डाव अर्धे येण्यापेक्षा दोन पुरे यावेत,’ असे वस्ताद सांगतात. आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय आणि निवड झाली तर आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी यंदाची वाट आहे.

खुराकाचा हिशेब

खुराक म्हटले की लोकांना बदामाची थंडाई आणि तूप आठवते. वीटभट्टीवर राबणाऱ्या बापाच्या मुलाला ते कुठून मिळणार? पण शरीराला बदामाचे नाव नको, प्रथिने हवीत. त्याच्या वजनाला आणि कष्टाला दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दुधातून सोळा, चार अंड्यांतून चोवीस, मूठभर भाजलेल्या चण्यांतून दहा, तेवढ्याच भिजवलेल्या शेंगदाण्यांतून बारा. ही झाली बासष्ट. उरलेली डाळ, भात, नाचणीची भाकरी आणि घरून येणारी सुकट यांतून भागतात. आपण पाठवलेल्या पैशांतले दूध आणि अंडी ही अशी कामी येतात.

यात नवे काही नाही. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तेव्हा स्वतःचे घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आले.

चार किलोंचा प्रश्न

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते.

कुस्तीत वजनाचे गट असतात. आमच्या पैलवानाचे वजन ६३ किलो. त्याच्या खालचा गट ६१चा आणि त्याखालचा ५७चा. ६१ किलोत कॉलेजचा एक जुना, तयार मल्ल आहे. ५७ मध्ये जागा रिकामी. कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवले, ‘अजून चार किलो उतरव, निवड पक्की.’

श्रावणातल्या एका दुपारी स्वयंपाकाच्या मावशी मला बोलवायला आल्या. पाहते तर हा वसतिगृहामागच्या मोकळ्या जागेत दोन स्वेटर आणि वर प्लॅस्टिकचा रेनकोट घालून धावत होता. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ओठ फुटलेले. मी थांब म्हटले तर म्हणाला, “ताई, फक्त दहा दिवस. काटा झाला की पोटभर जेवेन.”

असे उतरवलेले वजन चरबीचे नसते, पाण्याचे असते. पाणी कमी झाले की रक्त दाटते, हृदयाला जास्त रेटावे लागते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि घामाने अंग थंड करण्याची शक्तीच जाते. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत तीन कॉलेज-मल्ल असेच वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तिथे घाम काढणारे रबरी पोशाख बंद झाले आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट करायची नाही असा नियम आला. आमच्या पैलवानाला हा नियम लावला तर आठवड्याला जेमतेम एक किलो. म्हणजे ६१ दोन-अडीच आठवड्यांत जमेल, पण ५७ साठी दीड महिना हवा, आणि तोही अंगावर उतरवण्याजोगी चरबी असेल तर. त्याच्या अंगावर ती आहेच कुठे? काटा किती निष्ठुर असतो हे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपण पाहिले. अंतिम फेरीत पोहोचलेली विनेश फोगाट शंभर ग्रॅमने अपात्र ठरली. तिने रात्रभर वजन उतरवण्याचा प्रयत्न केला होता.

एक थेंब रक्त

दुसऱ्या दिवशी मी त्याला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी विचारले, “सिकलसेलची तपासणी झाली आहे का?” झाली नव्हती. बोटातून थेंबभर रक्त घेतले. चाचणीत शंका आली म्हणून पुढची तपासणी झाली. आठवड्याने उत्तर आले: तो वाहक आहे.

महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत हा दोष आढळतो. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना या दोषाने एक संरक्षण दिले, म्हणून तो टिकून राहिला. आई-बाप दोघांकडून दोष आला तर तो आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, वेदना होतात, रक्त कमी पडते. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, धावतो, कुस्तीही खेळतो.

धोका असतो तो एका ठिकाणी. अंगात पाणी कमी, हवा गरम आणि दम न घेता जिवाच्या आकांताने केलेले कष्ट, हे तिन्ही एकत्र आले की वाहकाच्याही पेशी वाकू शकतात. मग स्नायूंना रक्त पोहोचत नाही. क्वचित, पण माणूस दगावू शकतो. २००६ साली अमेरिकेत एक तरुण फुटबॉलपटू सरावात असाच गेला आणि पुढे तिथल्या मोठ्या कॉलेजांत खेळाडूंची ही तपासणी आवश्यक झाली. श्रावणातल्या त्या दुपारी रेनकोटातला आमचा मुलगा नेमके हेच करत होता.

निकाल ऐकून त्याने एकच विचारले, “म्हणजे माझी कुस्ती संपली?”

डॉक्टर म्हणाले, “नाही. पाणी सोडून वजन उतरवणे तेवढे संपले.”

बदललेली तयारी

वस्तादांना सांगायला मी स्वतः गेले. सरावात पाणी पिऊ नये, अशी जुन्या तालमींतली समजूत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प बसले आणि मग आखाड्याच्या कडेला पाण्याचा माठ आणून ठेवला. आता सगळीच पोरे त्यातून पितात. आम्ही ठरवलेले नियम असे:

सराव हळूहळू वाढवायचा. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जोरांचा विक्रम करायचा नाही. दोन लढतींमध्ये पुरेशी विश्रांती. ताप, जुलाब असतील त्या दिवशी आखाड्यात उतरायचे नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, पेटका आणि हा त्रास यांतला फरक ओळखायचा. पेटक्यात स्नायू दगडासारखा ताठतो आणि मुलगा ओरडतो. या त्रासात स्नायू हाताला मऊच लागतो, पण पायांतले बळ जाते आणि मुलगा शुद्धीत असूनही खाली बसतो. त्याला ‘ऊठ, नाटक करू नकोस’ म्हणायचे नाही. लगेच थांबवायचे, सावलीत न्यायचे, पाणी द्यायचे, अंग गार करायचे. लगेच बरे वाटले नाही तर रुग्णालय गाठायचे आणि दारातच सांगायचे, ‘हा सिकलसेलचा वाहक आहे.’

तो आता ६१ किलोत उतरणार आहे. त्या जुन्या मल्लाशी त्याची चाचणी लढत व्हायची आहे. हरण्याची शक्यता अधिक आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. “हरलो तर पुढच्या वर्षी,” असे परवा म्हणाला. दहा दिवसांच्या पलीकडे पाहायला तो शिकला, याचे मला समाधान आहे.

आपल्यासाठी काम

एक वाहक सापडला की त्याच्या घरात आणखी असू शकतात. दिवाळीनंतर त्याचे आई-वडील धाकट्या भावंडांना घेऊन वीटभट्टीवर जातील ते थेट पावसाळ्याच्या तोंडाशी परततील. त्याआधी वाडीतल्या सर्वांची तपासणी व्हावी, असा आमचा प्रयत्न आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून तपासणीला खर्च येत नाही. खर्च येतो तो वाडीवरून रुग्णालयापर्यंतच्या गाडीचा आणि बुडालेल्या रोजाचा. तोच आपण उचलू शकतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. त्यामुळे आज मिळालेले कार्ड उद्या सोयरीक जुळवतानाही उपयोगी पडेल.

त्याने स्वतःचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लंगोटाच्या थैलीत ठेवले आहे. धाकट्या बहिणीला तपासणीला घेऊन जायची तारीख त्यानेच माझ्या वहीत लिहिली आहे.

आपली,
वसतिगृहातील ताई