मॅनेजर बदलला की टीम जिंकते का?

टीव्ही रूममधली ही नेहमीची चर्चा. आपली टीम ओळीने पाच मॅच हरली की कोणीतरी ओरडतंच, "काढा रे त्या मॅनेजरला!" क्लबचे मालकही बहुधा हेच करतात. कारण सरळ आहे. पंचवीस खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो. पण त्याने खरंच फरक पडतो का?

वरवर पाहिलं तर पडतो. मार्च २०१२ मध्ये चेल्सीने व्हिलास-बोआसला काढलं, असिस्टंट दि मॅतेओला बसवलं आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्ड गेला, टुकेल आला, आणि मे महिन्यात पुन्हा तोच कप!

पण मित्रांनो, इथे एक गंमत आहे. समजा, तुमची सरासरी ६० टक्के आहे आणि एका सेमला ४२ पडले. पुढच्या सेमला मार्क वाढण्याचीच शक्यता जास्त, मग क्लास लावा की नका लावू. कारण त्या ४२ मध्ये थोडं नशीबही असतं: ऑप्शनला टाकलेला चॅप्टर नेमका येतो, ऐन पेपरला ताप येतो. संख्याशास्त्रात याला 'सरासरीकडे परतणे' म्हणतात. मॅनेजरला नेमकं सगळ्यात वाईट वेळी काढतात. त्यामुळे पुढची सुधारणा नव्या माणसाच्या खात्यावर जमा होते.

बास टेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने हॉलंडच्या लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. मॅनेजर काढलेल्या टीम सुधारल्या हे खरं. पण तशाच घसरलेल्या आणि मॅनेजर न काढलेल्या टीमही जवळपास तेवढ्याच सुधारल्या!

दुसरा मुद्दा वेळेचा. गीझरचा नळ फिरवला की गरम पाणी यायला थोडा वेळ लागतो. तेवढा धीर नसला की आपण नळ आणखी फिरवतो, मग चटका बसतो, मग उलटा फिरवतो. क्लबचंही तसंच. प्रत्येक मॅनेजर आपल्या पद्धतीचे खेळाडू घेतो आणि पुढच्याला ते नको असतात. २०१३ नंतर मँचेस्टर युनायटेडने मॉयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शार आणि टेन हाख असे पाच जण ऑक्टोबर २०२४ पर्यंत काढले. याच क्लबने १९८६ मध्ये आलेल्या फर्ग्युसनला मात्र तीन वर्षं एकही ट्रॉफी नसताना ठेवलं. १९८९-९० ला टीम लीगमध्ये तेरावी आली, पण एफए कप मिळाला. पुढे २०१३ पर्यंत तेरा लीग!

मग कधीच काढू नये? तसंही नाही. प्रत्येक मॅनेजर फर्ग्युसन नसतो. प्रीमियर लीगमधून दरवर्षी शेवटच्या तीन टीम खाली जातात. मग क्लबचं उत्पन्न कोसळतं आणि ऑफिसातल्या साध्या माणसांच्या नोकऱ्याही जाऊ शकतात. म्हणून नुसता स्कोअर न बघता तीन गोष्टी बघाव्यात. टीम गोलच्या संधी तयार करते का? खेळाडू अजून त्याचं ऐकतात का? आणि त्याच्यापेक्षा बरा माणूस खरंच मिळणार आहे का? तिन्हींची उत्तरं त्याच्या विरोधात गेली तर खुशाल बदला. नाहीतर नळ जरा तसाच राहू द्या.