देवनागरी वेबपत्ता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंटरनेटवर यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात ठेवणे अवघड जाते, म्हणून १९८३ मध्ये डोमेन नावांची पद्धत मांडली गेली. ही नावे अनेक वर्षे केवळ रोमन अक्षरांत असत. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील ‘.भारत’ सुरू झाले आणि संपूर्ण वेबपत्ता आपल्या लिपीत लिहिण्याची सोय झाली. मात्र असे नाव कसे निवडावे, याविषयी काही गैरसमज आहेत. काळभैरव मंदिर आणि बाटिक छपाई यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उज्जैनमधील भैरवगढच्या नावावरून ते उलगडता येतात.

गैरसमज : ‘.भारत’ फक्त हिंदीसाठी आहे.
वस्तुस्थिती : देवनागरी ‘.भारत’ मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि देवनागरीत लिहिली जाणारी सिंधी, अशा आठ भाषांसाठी आहे.

गैरसमज : देवनागरी पत्ता इंटरनेटवर देवनागरीतच फिरतो.
वस्तुस्थिती : डोमेन यंत्रणेत आजही रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा यांचाच वापर होतो. म्हणून ब्राउझर देवनागरी नावाचे ‘पुनीकोड’मध्ये रूपांतर करतो. हे मानक २००३ चे आहे. रूपांतरित नाव ‘एक्स’, ‘एन’ ही रोमन अक्षरे आणि दोन जोडरेषा यांनी सुरू होते. वाचकाला ते सहसा दिसत नाही, आणि दिसले तरी ती फसवणुकीची खूण नव्हे.

गैरसमज : ‘भैरवगढ’ आणि ‘भैरवगढ़’ हे एकच नाव आहे.
वस्तुस्थिती : गाव एकच, पण संगणकासाठी नावे दोन. मराठी लेखनात युनिकोडचे सहा संकेत येतात. हिंदीत नुक्त्याचा एक संकेत वाढून सात होतात. त्यामुळे दोन्हींचे पुनीकोड वेगळे असते. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही ग्राहकांपर्यंत पोहोचू पाहणाऱ्या बाटिक विक्रेत्याने नाव घेण्याआधी दोन्ही लेखनांची उपलब्धता आणि नोंदणीचे नियम तपासणे आवश्यक आहे.

गैरसमज : दिसायला सारखे असलेले शब्द संगणकालाही सारखेच असतात.
वस्तुस्थिती : ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने किंवा साध्या ‘र’ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. असे शब्द नावात घेताना विशेष काळजी हवी. शक्यतो ते टाळणेच हिताचे.

गैरसमज : पत्ता देवनागरीत घेतला की संकेतस्थळही मराठी होते.
वस्तुस्थिती : पत्ता आणि मजकूर स्वतंत्र असतात. मराठी पत्त्यामागे मराठी मजकूर मुद्दाम लिहावा लागतो, आणि वाचकाची खरी सोय त्यानेच होते.

गैरसमज : देवनागरीत ई-मेल पत्ता असूच शकत नाही.
वस्तुस्थिती : त्यासाठीची मानके २०१२ पासून उपलब्ध आहेत. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये नागरिकांना हिंदी ई-मेल पत्ते देऊ केले. पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, अशा दोन्हींच्या सेवा ही मानके पाळत असतील तरच पत्र पोहोचते. अनेक अर्ज आणि संकेतस्थळे असे पत्ते अजून स्वीकारत नाहीत, म्हणून सध्या सोबत रोमन पत्ताही ठेवावा.