तहान नसताना पाणी

1961 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फॉक यांनी 'सायन्स'मध्ये एक विलक्षण निरीक्षण नोंदवलं. मुद्दाम अर्धपोटी ठेवलेल्या, पण पाणी हवं तेवढं मिळणाऱ्या उंदरांना पिंजऱ्यातली कळ दाबून खाऊची बारीक गोळी मिळे. प्रत्येक दाबाला नाही, तर सरासरी मिनिटाला एक. सुमारे तीन तासांत हे उंदीर एरवी दिवसभरात पितात त्याच्या तिपटीहून जास्त पाणी प्यायले.

कोरडी गोळी घशाशी अडकत असेल, हे उत्तर सुचतं; पण तेवढ्याच गोळ्या एकदम दिल्या की उंदीर बेताचंच पाणी पितो. फरक पडतो तो वेळापत्रकाने. गोळी संपते, पुढची लगेच येणार नसते, आणि नेमका तेव्हाच उंदीर नळीकडे वळून लपालपा पिऊ लागतो. पाणी प्यायल्याने गोळी लवकर मिळत नाही, तरीही. वाट पाहण्याचा काळ फार कमी किंवा फार लांब केला की हे पिणं घटतं. मधल्या अंतरात ते सर्वाधिक असतं.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की या उंदरांची मूत्रपिंडं आणि मेंदू धडधाकट होते. अतिरेक उपजला तो निव्वळ तुटपुंज्या, थांबून-थांबून मिळणाऱ्या अन्नातून. पुढे फॉक आणि सहकाऱ्यांनी नळीत पाण्याऐवजी मद्यार्काचं द्रावण ठेवलं, आणि 1972 मध्ये असे उंदीर मद्यावर शारीरिकदृष्ट्या अवलंबून झाल्याचं दाखवून दिलं. सक्तीच्या वर्तनावरची औषधं तपासायलाही ही पद्धत आजवर वापरात आहे.