श्रामणेर आणि चित्रफितींद्वारे धम्मप्रसार

उपसंपदेपूर्वी आचार्यांच्या सान्निध्यात राहून शिक्षण घेणाऱ्या प्रव्रजितास श्रामणेर म्हणतात. वयाची 20 वर्षे पूर्ण होण्यापूर्वी उपसंपदा देऊ नये, असा विनयाचा दंडक असल्याने श्रामणेर बहुधा बालक वा किशोर असतो. इंटरनेटवरील धम्मप्रसारात या बालकांना कोणते स्थान द्यावे, याचा विचार विनयाच्या आधारेच झाला पाहिजे.

थायलंडमध्ये उन्हाळी सुटीत शाळकरी मुलांना तात्पुरती प्रव्रज्या देण्याची प्रथा आहे. 2012 साली तेथील 'ट्रू' या दूरसंचार कंपनीने या प्रथेस दूरचित्रवाणीची जोड दिली. निवडक बालके सुमारे महिनाभर श्रामणेर झाली आणि त्यांची दिनचर्या चोवीस तास थेट प्रक्षेपित करण्यात आली. पुढे अनेक वर्षे हा उपक्रम चालला व इंटरनेटवरूनही दाखविला गेला. त्यामुळे धम्माची प्राथमिक शिकवण घरोघरी पोहोचली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आईच्या आठवणीने मूल रडले, तर तो क्षणही अशा वेळी प्रेक्षणीय ठरतो.

श्रामणेराच्या दहा शिक्षापदांपैकी सातवे नृत्य, गीत, वादन व खेळतमाशे यांपासून विरत राहण्यास सांगते. ज्याने तमाशा पाहू नये, तोच तमाशाचा विषय व्हावा, ही विसंगती उघड आहे. दहावे शिक्षापद सोने-चांदी, म्हणजेच द्रव्य, स्वीकारण्यास मनाई करते. चित्रफितींना जोडून येणारे जाहिरातींचे उत्पन्न व दान यांचा व्यवहार म्हणूनच उपासकांनी सांभाळावा. श्रामणेराच्या नावे तो असूच नये.

राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाच्या विनंतीवरून तथागतांनी मातापित्यांच्या अनुमतीचा नियम घालून दिला. प्रव्रज्येची अनुमती म्हणजे चित्रीकरणाची अनुमती नव्हे. ती स्वतंत्रपणे घेतली पाहिजे.

याच राहुलास भगवंतांनी असत्य भाषणाविषयी केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे. सम्राट अशोकाने भाब्रू येथील शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी व उपासक-उपासिका यांनी वारंवार ऐकावयाच्या धम्मवचनांत त्याचा आवर्जून उल्लेख केला. शिला हेच त्या काळचे प्रसारमाध्यम, आणि त्यावर बालश्रामणेरास दिलेला सत्याचा पाठ कोरला गेला! आज मात्र न समजलेले प्रवचन मुलाकडून पाठ करवून, चुका कापून, 'बालज्ञानी' म्हणून दाखविण्याचा मोह होतो. तो मुसावादाच्या सीमेवरचा आहे, असे आम्हांस वाटते.

श्रामणेरांना या माध्यमांपासून दूरच ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. कर्नाटकातील बैलकुप्पे येथील सेरा मे विहारात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तिबेटी ग्रंथ संगणकावर उतरविण्याचे काम प्रव्रजितांनी केले. पालि सुत्तांचे शुद्ध पठण ध्वनिमुद्रित करणे, देवनागरी पाठ मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे, ही कामे मोठ्या श्रामणेरांना करता येतील. त्यांत चेहरा दिसत नाही, पण अध्ययन घडते.

महाराष्ट्रातील श्रामणेर शिबिरांनाही हे लागू आहे. शिबिर संपते, मुलगा चीवर उतरवून शाळेत परततो. त्याचे मुंडन केलेले छायाचित्र मात्र अनोळखी लोकांच्या भ्रमणध्वनींवर फिरत राहते. ते कोणी टाकावे, किती काळ ठेवावे आणि मुलाने पुढे मागणी केल्यास कोणी काढावे, हे आचार्य व पालक यांनी प्रव्रज्येपूर्वीच लेखी ठरवावे.