पाटणची देवी आणि पाटणचा मठ

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगराच्या कुशींत, पाटण हें प्राचीन क्षेत्र आहे. भोंवतीं उंच कडे व दाट रान, जवळून वाहणारी डोंगरी नदी आणि मध्यें चंडिकादेवीचें हेमाडपंती देवालय. खानदेशांतील कित्येक घराण्यांची ही कुलस्वामिनी. नवरात्रांत यात्रेकरूंची येथें रीघ लागते.

परंतु या स्थानाचें दुसरें वैभव फारच थोड्यांस ठाऊक असतें. तें येथील शिलालेखांत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो इ. स. १८६५ मध्यें विद्वानांपुढें मांडला. भास्कराचार्यांचा नातू व सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें 'सिद्धान्तशिरोमणि' आदि ग्रंथांच्या अध्यापनार्थ येथें मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें (इ. स. १२०७) त्यास वृत्ति लावून दिली. लेखाचा मुख्य भाग संस्कृत. देणग्यांचा तपशील मात्र तत्कालीन मराठींत आहे. गांवांतील प्रत्येक तेलघाण्यानें मठास पळीभर तेल द्यावें, असें त्यांत नमूद आहे. राजाच्या दानाइतकाच तेल्याच्या पळीवरही विद्येचा दीप तेवत होता!

देवीचा नंदादीप आजही तेवतो. मठाचा केव्हांच मालवला. देवालय भक्तीनें टिकतें, पाठशाळेस मात्र शिकणारे लागतात. म्हणून कुलस्वामिनीच्या दर्शनास जाल तेव्हां मुलांस या मठाचीही कथा अवश्य सांगावी.