पिशव्यांपाशी कोण बसणार?

आज किल्ल्याच्या सहलीविषयी बोलायचे आहे. पण आधी एक आठवून बघा. मागच्या खेपेला घरची मंडळी गडावर चढली, तेव्हा पायथ्याला पिशव्यांपाशी कोण बसले होते? बहुतेक घरांत उत्तर एकच येते. आई, नाहीतर आजी. धाकटे मांडीवर झोपलेले, डब्यांची पिशवी शेजारी, आणि ती म्हणते, "तुम्ही या जाऊन, मी बसते इथं." पहाटे उठून दशम्या तिनेच केलेल्या असतात. संध्याकाळी घरी गडाच्या गप्पा रंगतात, तेव्हा तिला गडाचा फक्त दरवाजा माहीत असतो.

म्हणून देवगिरीची, म्हणजे दौलताबादची सहल आज अशी सांगतो की घरातल्या प्रत्येकीच्या वाट्याला काहीतरी यावे. हा किल्ला टप्प्याटप्प्याने बघता येतो. कुणी पहिल्याच टप्प्यावर थांबले तरी पुष्कळ बघून होते.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की १५ किलोमीटरच्या आसपास हा किल्ला येतो. एसटी अगदी दारापाशी सोडते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तिकीटच नाही. आजींचे आधार कार्ड तेवढे आठवणीने घ्या. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. आत जायला तिकीट लागते, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

किल्ला यादवांचा. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या शेवटी इथे राजधानी वसवली. ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या बायांना त्यातले एक नाव ठाऊक असेल. ग्रंथाच्या शेवटी माउलींनी ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख केला आहे, तो हाच देवगिरीचा रामदेवराव यादव. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी त्याच्यावर चालून आला. राजाचे मोठे सैन्य तेव्हा मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, बाहेर गेलेले होते. राजा गडावर जाऊन बसला. कडा असा की शत्रूला वर येता येईना. पण वेढ्यात खायला काय? घाईघाईने वर नेलेली पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकिगत सांगतात. शेवटी राजाला तह करावा लागला. इतका अवघड गड, आणि गाडे अडले ते कोठीत. ही गोष्ट गडावर मुलांना जरूर सांगा. कणगीत काय आहे ते रोज हात घालून बघणाऱ्या बाईला ती चटकन पटेल.

पुढे १३२७ च्या सुमाराला मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि गावाला दौलताबाद नाव दिले. त्यानंतर बहामनी, निजामशाही, मोगल असे एकामागून एक धनी झाले. एवढा इतिहास मुलांना पुरे. तारखांची घोकंपट्टी शाळेत होतेच.

आता बघायचे कसे ते. पहिला टप्पा बराचसा सपाटीचा आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीनेही तो चुकवू नये. मोठ्या दरवाजातून आत शिरले की वाट सरळ जात नाही, वळते आणि पुन्हा दरवाजा येतो. हे मुद्दाम केलेले आहे. धावत येणाऱ्या हत्तीला वळणावर जोर धरता येत नाही. दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, तेही हत्तीने डोके लावू नये म्हणून. मुलांना आधी विचारा, हे कशासाठी असेल? त्यांची उत्तरे ऐकण्यासारखी असतात.

पुढे हत्ती हौद लागतो. आपल्या गावची आख्खी विहीर त्यात मावेल एवढा तो मोठा आहे. त्याच्या काठावर निवांत बसा. वर नुसता कातळ, तरी खाली एवढी वस्ती जगली ती साठवलेल्या पाण्यावर. सरस्वती विहीरही याच टप्प्यात आहे. हंडा वाहिलेल्या बाईला या हौदाचे मोल गाईडने सांगावे लागत नाही. जवळच जुन्या कोरीव खांबांचे प्रशस्त दालन आहे. देवळाचे खांब घेऊन खिलजींच्या काळात तिथे मशीद उभी राहिली, आज तिथे भारतमातेची मूर्ती आहे. समोर पंधराव्या शतकातला बहामनी सुलतानाने बांधलेला चाँद मिनार. त्याच्या आत चढू देत नाहीत. खालूनच मान वर करून बघायचा.

दुसरा टप्पा पायऱ्यांचा, पण दम खात खात जमण्यासारखा. इथे चिनी महाल आहे. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे तुकडे अजून दिसतात, त्यावरून हे नाव. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवले होते. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवले आहे, त्यावर मुले हात फिरवतातच. मग येतो खंदक. हा माती उकरून केलेला नाही. डोंगराचा काळा पाषाण फोडून काढला आहे आणि वरचा कडाही तासून उभ्या भिंतीसारखा केला आहे. तिथे उभे राहून खाली बघा. छिन्नी-हातोड्याने हे किती माणसांनी, किती वर्षे केले असेल? राजांची नावे राहिली, त्या हातांची राहिली नाहीत. जुना दगडी पूल खाली आहे. खंदकातले पाणी वाढवले की तो बुडायचा आणि वाट बंद व्हायची.

तिसरा टप्पा म्हणजे अंधारी. कातळातून वर जाणारी काळोखी, वळणावळणाची वाट. पायऱ्या लहानमोठ्या आहेत, अंधारात शत्रूचा पाय चुकावा म्हणून. वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडायची सोय होती. गाईड लोक उकळत्या तेलाचीही गोष्ट रंगवून सांगतात. आमच्या गटातल्या एका काकूंनी त्यावर विचारले, "एवढं तेल तापवायला सरपण कुठून आणलं?" गाईड हसला आणि पुढे चालू लागला. धुराची गोष्ट मात्र चूल फुंकलेल्या बाईला लगेच कळते.

अंधारीत वटवाघळे असतात, वास येतो, हवा कोंदट असते. दमा आहे, हृदयाचा त्रास आहे, दिवस गेले आहेत, त्यांनी खंदकापाशीच थांबावे. त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी प्रत्येकाजवळ बॅटरी ठेवावी, एक हात भिंतीला असावा. तान्हे मूल आत नेऊ नये. साडी असेल तर निऱ्या वर खोचून घ्या, पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी.

अंधारीतून बाहेर आले की गणपतीचे देऊळ आणि त्याच्या वर बारादरी. सगळ्या मिळून ७५० च्या आसपास पायऱ्या होतात. माथ्याजवळ जनार्दन स्वामींचे स्थान आहे. स्वामी या गडाचे किल्लेदार, आणि संत एकनाथांचे गुरू. पैठणहून लहान वयात नाथ इथेच त्यांच्याकडे शिकायला आले. गडाचा हिशेब तपासता तपासता रात्र सरली आणि एका पैची चूक सापडली, ही नाथांची गोष्ट इथलीच सांगतात. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बाईला इथे पायऱ्यांचा शीण जाणवणार नाही, असे आम्हाला वाटते.

आता पिशव्यांचे. जेवण एका मोठ्या पिशवीत भरू नका, ती पुन्हा एकाच खांद्यावर येते. प्रत्येकाची दशमी, चटणी आणि पाण्याची बाटली त्याच्या त्याच्या पिशवीत, मुलांचीही. धाकट्यासाठी निघण्याआधीच ठरवा की चिनी महालाच्या सावलीत आधी बाबा बसतील आणि आई वर जाऊन येईल, मग बाबा जातील. गडावर गेल्यावर ठरवायला बसलात तर कोण बसणार ते ठरलेलेच आहे. डबा उघडा टाकू नका, वानरे टपलेली असतात. कड्याला आग्यामोहळ दिसले तर धूर, आरडाओरडा, दगड यातले काहीही करायचे नाही.

आणि एक बोलतो, कारण घरात कुणी बोलत नाही. लघवीला कुठे जायचे या काळजीने आपण बाया सहलीत पाणीच पीत नाही. मग उन्हात डोके दुखते, चक्कर येते. दारापाशी स्वच्छतागृहात जाऊन या, मग वर चढा आणि घोट घोट पाणी पीत राहा. वर सोय असेल या भरवशावर राहू नका. पाळी चालू असेल तर पॅड आणि कागदाची पिशवी जवळ ठेवा, दुसऱ्या टप्प्यावरून परत फिरायची सवड ठेवा. त्यासाठी घरी थांबायचे कारण नाही.

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले. चैत्र-वैशाखात कातळ तापतो, पावसात पायऱ्या निसरड्या होतात. सकाळी आठाला चढायला लागलात तर दुपारच्या आत खाली याल. रस्त्याकडेला पेरू आणि हंगामात सीताफळे मिळतात. वेरूळही त्याच दिवशी उरकायचा मोह होईल, पण पाय दमलेले असतात आणि लेणी मग नुसती पळत बघितली जातात. ती दुसऱ्या खेपेला ठेवा. तेव्हा वार बघून निघा, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात.